जुन्या दागिन्यांतील रत्नांचें मोल

नातेपुते येथील एखाद्या जुन्या घराण्यांतील कुंदनाचा दागिना मोडीस निघाला, म्हणजे खडे व लाख वजा घालून केवळ सोन्याचें मोल करणें, ही परीक्षा आम्हांस अपुरी वाटते.

रत्नाचें मोल जात, रंग, पाणी व वजन यांवर ठरतें, हें खरें. परंतु कुंदनांत खड्याची पाठ बंद असून तळीं डांक असतो. सबब त्याचा खरा रंग जडावांत कळत नाहीं. शिवाय जात हीच सर्वस्व नव्हे. इंग्लंडच्या राजमुकुटांतील ‘ब्लॅक प्रिन्सचें माणिक’ वस्तुतः लालडी आहे. तथापि इतिहासामुळें त्याचा मान कमी झाला नाहीं.

याच्या उलट नाशिकचा हिरा. त्र्यंबकेश्वरीं असलेला म्हणून सांगितला जाणारा हा हिरा इ. स. १८१८ त इंग्रजांच्या हातीं गेला, तेव्हां सुमारें ९० कॅरटांचा होता. लंडनच्या जवाहिऱ्यांनीं त्याचे पैलू पुन्हां पाडले; इ. स. १९४० त हॅरी विन्स्टन यांनीं तो ४३·३८ कॅरटांवर आणिला. तेज वाढलें, जुना देशी घाट मात्र कायमचा गेला.

घाट, कोंदण व डांक हीं कारागिरीचीं अस्सल साधनें होत. तेव्हां दागिना मोडण्यापूर्वीं त्याचें चित्र, वजन व घराण्याची हकीकत टिपून ठेवावी, अशी आमची सूचना आहे.