कल्याणी आणि सावित्रीबाई : वृद्धेच्या एकाकीपणाची दोन रूपे

मराठी वाङ्मयात वार्धक्याची उपेक्षा झाली आहे, असे म्हणता येणार नाही. ‘नटसम्राट’मधील (१९७०) गणपतराव बेलवलकर हे तर वृद्धत्वाच्या शोकात्मिकेचे आपल्याकडील प्रमाणच होऊन बसले आहेत. तथापि त्या शोकात्मिकेला वाणी लाभली आहे ती अप्पासाहेबांची. कावेरीची मानहानी तिळभरही कमी नाही. पण स्वगते पतीच्या वाट्याला येतात आणि तिच्या वाट्याला समजूतदारपणा व मरण. ‘संध्याछाया’तील (१९७३) नानी नानांच्या बरोबरीने बोलते, हा अपवाद. ‘वाडा चिरेबंदी’तील (१९८५) दादी वारंवार वेळ विचारते, गेलेल्या मुलाला हाका मारते. आपण समीक्षकांनी त्या हाकांत ढासळत्या वाड्याचा नाद ऐकला. पुत्राचे जाणे जिच्या मनापर्यंत पोचतच नाही अशा एका म्हातारीचे दुःख मात्र फारसे ऐकले नाही. वृद्ध स्त्री साहित्यात आली की ती चटकन प्रतीक होते. जित्याजागत्या माणसाला प्रतीक करून टाकणे हाही त्याच्या वयाचा अपमानच होय.

या पार्श्वभूमीवर बेंगळूरुच्या शशी देशपांडे यांच्या दोन इंग्रजी कादंबऱ्या विचारात घेण्यासारख्या आहेत. धारवाडात १९३८ साली जन्मलेल्या या लेखिकेचे वडील कन्नड नाटककार श्रीरंग, आई मराठी. ‘दॅट लाँग सायलेन्स’ला १९९० साली अकादमीचा पुरस्कार लाभला. तीत स्त्रीचे जे मौन आहे, ते पुढील कादंबऱ्यांत वार्धक्यापर्यंत येऊन पोचते.

‘अ मॅटर ऑफ टाइम’मधील (१९९६) कल्याणीचा मतिमंद मुलगा रेल्वेस्थानकावर हरवला, आणि तेव्हापासून तिचा पती श्रीपती तीन दशकांहून अधिक काळ तिच्याशी एक शब्दही बोललेला नाही. दोघे एकाच घरात राहतात. प्रस्तुत लेखिकेने ही कादंबरी ऐन तारुण्यात प्रथम वाचली, तेव्हा कल्याणीला ‘सोशिक आजी’ या ठरीव खणात घालून ती परित्यक्ता कन्या सुमी हिच्याकडे वळली. पन्नाशी ओलांडल्यावर पुन्हा वाचताना ध्यानात आले की, आपण श्रीपतीचेच अनुकरण केले होते. कल्याणी कादंबरीभर बोलत होती, आणि आपण तिला ऐकण्यायोग्यच मानले नव्हते.

वस्तुतः कल्याणीचे मन तगून राहते ते सोशिकपणामुळे नव्हे, तर संबंधांमुळे. सुमी आणि श्रीपती अपघातात गेल्यावर तिच्यापाशी उरते ती नात आरू. आपण तुझी मुलगी आहोत, मुलगाही आहोत, असे ती आजीला सांगते. येथे आधार देणारी कोण आणि घेणारी कोण, हे सांगता येत नाही. या प्रसंगाचे मोल त्यातच आहे.

‘स्मॉल रेमेडीज’मधील (२०००) सावित्रीबाई इंदोरेकर ही नेमकी उलट दिशा. ग्वाल्हेर घराण्याच्या या गायिकेजवळ कीर्ती आहे, ऐकणारी चरित्रकार मधूही आहे. पण आपली कन्या मुन्नी तिने आत्मकथनातून वगळली आहे. तिचा एकाकीपणा समाजाने लादलेला आहे, आणि तिने स्वतः जोपासलेलाही. मधू पुत्रशोकाने खचलेली. एकीला मूल आठवायचे नाही, दुसरीला विसरता येत नाही. या दोघींना समोरासमोर बसवून लेखिकेने वृद्धेला दयेच्या विषयापासून सोडविले आहे. म्हातारीही चुकू शकते, लपवू शकते, कठोर होऊ शकते, हे मान्य करणे म्हणजेच तिचे मन मान्य करणे.

एक आक्षेप मात्र नोंदवावासा वाटतो. श्रीपतीच्या मौनाचा हिशेब कादंबरी अखेरपर्यंत मागत नाही. अपघात तो प्रश्न मिटवितो. त्यामुळे कल्याणीची क्षमाशीलता हीच तिची थोरवी, असा सोपा अर्थ काढण्यास वाचकाला वाव राहतो. तिच्या संतापालाही थोडी जागा हवी होती.

याच बेंगळूरुत ‘निम्हान्स’सारखी मनोविकारांची राष्ट्रीय संस्था आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली वयावरून होणाऱ्या भेदभावावर स्वतंत्र अहवाल काढला, आणि हा भेदभाव शरीराबरोबर मनालाही बाधतो असे सांगितले. समीक्षेने रोगनिदान करू नये; ते तिचे काम नव्हे. पण कोणाचे बोलणे अर्थपूर्ण मानावयाचे आणि कोणाचे बडबड, याचा निर्णय ती पदोपदी करीत असते. बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ १९४४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या. इंदिरा संतांना १९४६ साली वैधव्य आले. बेळगावात राहून त्या पुढे अर्धशतक लिहीत राहिल्या, आणि ‘गर्भरेशीम’ (१९८२) हा संग्रह त्यांनी सत्तरीच्या उंबरठ्यावर दिला. उतारवयातील स्त्रीपाशी सांगण्यासारखे काही उरत नाही, या समजुतीला आपल्याच वाङ्मयाने केव्हाच उत्तर दिले आहे. दादीच्या हाकांकडे पुन्हा एकदा कान देऊन, त्या केवळ वाड्याच्या नसून तिच्या स्वतःच्या आहेत हे ओळखणे, एवढे ऋण समीक्षेकडे अद्याप बाकी आहे.