परमवीर चक्र: डिझाइन म्हणून कसं आहे?

दिवाळीत आष्टीला घरी गेलो, तेव्हा कपाटात शाळेतली दोन मेडल्स सापडली. सोनेरी मुलामा उडून खालचा करडा धातू दिसत होता. माझी पीएचडी तांब्याच्या मिश्रधातूंवर, त्यामुळे नजर आधी धातूकडेच जाते. परमवीर चक्र आठवलं. ते कांस्याचं आहे. त्याच्या खालचं महावीर चक्र मात्र चांदीचं! म्हणजे धातूच्या किमतीवर पदकाचा मान ठरत नाही.

हे पदक डिझाइन केलं सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्म १९१३चा, स्वित्झर्लंडमधल्या नूशातेलचा. वडील हंगेरियन, आई रशियन. १९३२ साली विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं, मराठी आणि संस्कृत शिकल्या. स्वातंत्र्यानंतर मेजर जनरल हिरालाल अटल यांनी पदकांचं काम त्यांच्याकडे सोपवलं. २६ जानेवारी १९५० ला परमवीर चक्र सुरू झालं.

त्यांच्यावरचे बहुतेक लेख ‘भारतावर प्रेम करणारी परदेशी बाई’ इथेच थांबतात. त्यात डिझायनर हरवते. म्हणून आता पदकच बघू.

व्यास जेमतेम साडेतीन सेंटीमीटर. मध्ये राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रं. मागच्या बाजूला हिंदी-इंग्रजीत नाव आणि दोन कमळं. वर साधी जांभळी फीत. बस्स. तलवार नाही, सैनिक नाही.

एक उणीव सांगायला हवी. दधीची ऋषींनी देह ठेवला आणि त्यांच्या अस्थींचं वज्र झालं, ही गोष्ट माहीत नसेल तर नजर सरळ सिंहांवर जाते. वज्रं नुसती नक्षी वाटतात. फोटोत तर ती ओळखूही येत नाहीत.

तरीही मला ही निवड बरोबर वाटते. दधीचींचं चित्र काढणं सोपं होतं. पण पदकावर अस्थींतून घडलेलं शस्त्र आहे, अस्थी देणारा नाही. आजवर २१ जणांना परमवीर चक्र मिळालं, त्यातले १४ मरणोत्तर. म्हणजे पदक स्वीकारायला बहुतेक वेळा देणारा हजर नव्हताच. घरचं कुणीतरी पुढे आलं.

कांस्य काळानुसार काळपट होतं, पण आतबाहेर धातू तोच असतो. मुलामा नाही, त्यामुळे उडायचा प्रश्नच नाही. माझी मेडल्स मी परत कपाटात ठेवली.