भाल्याचा दांडा वाचताना

चिनी साहित्यातल्या सर्वांत प्रसिद्ध हत्याराचं वजन आपल्याला नेमकं ठाऊक आहे. लुओ ग्वानचुंगच्या नावावर असलेल्या ‘तीन राज्यांची कथा’ या कादंबरीत पहिल्याच प्रकरणात तिघे मित्र बंधुत्वाची शपथ घेतात आणि मग कारागिरांकडून हत्यारं घडवून घेतात. ल्यू बेइसाठी जोडतलवारी. चांग फेइसाठी अठरा चिनी फूट लांबीचा भाला. आणि ग्वान यूसाठी लांब दांड्यावर बसवलेलं, चंद्रकोरीसारखं रुंद पातं, वजन ८२ जिन. जिन हे चिनी माप काळानुसार बदलत गेलं. कथा घडते त्या हान काळाच्या हिशेबाने हे वजन साधारण १८ किलो भरतं. कादंबरी वाचली जात होती त्या मिंग काळाच्या हिशेबाने ४८ किलोच्या आसपास. आता तुलनेसाठी हेही लक्षात ठेवा, की लढाईत खरोखर वापरायची अशी हत्यारं साधारण दोन ते चार किलोंची असतात.

हा आकडा दिसला की माझ्या व्यवसायातली माणसं लगेच कॅल्क्युलेटर उघडतात. मीही सॉफ्टवेअरमध्येच काम करतो, त्यामुळे हा मोह मला चांगला ओळखीचा आहे. गुणाकार करायचा, अशक्य म्हणून शिक्का मारायचा आणि कादंबरीकाराला भौतिकशास्त्र कळत नव्हतं असं जाहीर करायचं. आपल्याकडे किल्ल्यावर एखाद्या तलवारीचं वजन ऐकलं की हेच दोन गट पडतात. एक वजनाने भारावतो, दुसरा वजनाला हसतो. दोघेही तो आकडा सारख्याच पद्धतीने वाचतात, म्हणजे वस्तूच्या डब्यावर छापलेल्या तपशिलासारखा.

पण ते वाक्य पुन्हा वाचून पाहा. तीन हत्यारं आहेत आणि तिन्हींचं वर्णन वेगवेगळ्या मापाने केलं आहे. ल्यू बेइच्या तलवारींबद्दल एवढंच कळतं, की त्या दोन आहेत. चांग फेइच्या भाल्याची फक्त लांबी दिली आहे. वजन मिळतं ते एकट्या ग्वान यूला. पुढची शंभरेक प्रकरणं वाचलेल्या माणसाला यातली सोय कळते. ल्यू बेइ माणसं जोडतो, चांग फेइ विचार करायच्या आत पुढे झेपावतो, आणि ग्वान यू दिलेल्या शब्दाला जागतो. त्या शब्दाचं ओझं तो शेवटपर्यंत वाहतो. ८२ जिन हे पोलादाचं वजन नसून माणसाचं आहे. नंतर चीनभर आणि चीनबाहेर जिथे चिनी वस्ती गेली तिथे देवळांतून ग्वान यूची पूजा झाली, आणि ते पातं त्याच्या हाती किंवा त्याच्या सेवकाच्या हाती कायम राहिलं. देवाचं आयुध तराजूत घालून कोणी देव खोटा ठरवत नाही.

इतिहासाकडे गेलं तर गोष्ट आणखी रंजक होते. तिसऱ्या शतकात चेन शोऊने लिहिलेल्या इतिहासग्रंथात ग्वान यूचा सर्वांत गाजलेला पराक्रम आहे. इ. स. २०० मध्ये बाइमाच्या लढाईत त्याने शत्रूचा सेनापती येन ल्यांग याला हजारोंच्या गर्दीत घुसून मारलं. तिथे वापरलेलं क्रियापद ‘भोसकणे’ या अर्थाचं आहे. रुंद, वक्र पात्याने माणूस तोडतो. भोसकायला टोक लागतं. म्हणजे त्याच्या हातात भाल्याच्या जातीचं काहीतरी असावं असा तर्क होतो. चंद्रकोरी पातं दिसतं ते बरंच पुढे, सुंग काळात, १०४४ च्या लष्करी कोशातल्या चित्रांत. आणि मिंग काळात, १६२१ मध्ये, माओ युआनई आपल्या प्रचंड युद्धकोशात या हत्याराबद्दल स्पष्ट सांगतो, की ते कवायतीत बळ दाखवण्यासाठी आहे, रणात उपयोगाचं नाही.

हे वाचून ‘म्हणजे खोटंच’ असं म्हणायची घाई करू नये. छिंग काळातल्या सरकारी लष्करी परीक्षेत उमेदवाराला धनुष्य ओढावं लागे, दगड उचलावा लागे आणि दांड्याचं जड पातं फिरवून दाखवावं लागे. त्या पात्यांची वजनं होती ८०, १०० आणि १२० जिन. परीक्षेची ही पद्धत १९०१ पर्यंत चालली. म्हणजे ८२ जिनांचं हत्यार अस्तित्वात असू शकतं. फक्त ते लढायचं नसून उचलायचं आहे. आपल्या तालमीतल्या मुद्गलाला जसं कोणी शस्त्र म्हणून नावं ठेवत नाही, तसंच हे. आज विकत घेणाऱ्याने स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न इथेच मिळतो: मला हे नेमकं कशासाठी हवं आहे? पूजेसाठी, ताकदीसाठी, स्पर्धेसाठी, की शिकण्यासाठी? बाजारातली बरीच फसगत अशी होते, की एका कामाची वस्तू दुसऱ्या कामाच्या नावाने विकली जाते.

शिकण्यासाठी घेणाऱ्याला कादंबरी फारशी मदत करत नाही, कारण तिचं सगळं लक्ष पात्यावर आहे. तिला दोष देण्यात अर्थ नाही. संग्रहालयांतही तेच होतं. लाकूड कुजतं, वाळवी खाते, लोखंड उरतं. मराठा घोडेस्वारांच्या भाल्यांचे बांबू गेले आणि काचेच्या पेटीत फाळ तेवढं राहिलं, तसंच चिनी शस्त्रांचंही झालं. मग आपण उरलेल्या भागालाच संपूर्ण शस्त्र समजायला लागतो.

याच्या उलट्या दिशेने विचार करणारी एक कलाकृती मला ठाऊक आहे, आणि ती चक्क शॉ ब्रदर्सचा मारधाडपट आहे. लाउ कार-लिउंग दिग्दर्शित ‘द एट डायग्राम पोल फायटर’ (१९८४). सुंग काळातल्या यांग घराण्याची ही दंतकथा. भाल्यासाठी प्रसिद्ध असलेलं हे घराणं दग्याने कापलं जातं. भावांपैकी दोघेच वाचतात. सहावा वेडा होऊन घरी परततो. पाचवा, म्हणजे गॉर्डन ल्यू, वुताय पर्वतावरच्या मठात आश्रय शोधतो. भाल्याचं फाळ गेलेलं असतं, हातात काठी उरते. मठातले भिक्षू लाकडी लांडग्यांवर काठीचा सराव करतात. लांडग्याला ठार करायचं नाही, फक्त त्याचे दात पाडायचे, हा त्यांचा नियम.

पातं काढलं म्हणजे हिंसा गेली, असा सोपा धडा हा चित्रपट देऊ शकला असता. तो देत नाही. शेवटच्या मारामारीत भिक्षूंची ती दयाळू युक्ती माणसांवर वापरली जाते आणि पडद्यावर खरोखरच दात उखडले जातात. ते दृश्य कुठल्याही तलवारीच्या वारापेक्षा अंगावर येतं. काठी निरुपद्रवी नव्हतीच; धार जाऊनही राग, कसब आणि दांडा तिन्ही शाबूत होते. सहाव्या भावाचं काम करणारा अलेक्झांडर फू शेंग चित्रीकरण चालू असतानाच, १९८३ मध्ये, मोटार अपघातात गेला आणि कथा बदलावी लागली. तो भाऊ शेवटच्या भागात दिसतच नाही. कथानकाला ही खिंडार आहे, पण एकट्या पडलेल्या पाचव्याचा शेवट त्यामुळे अधिक भकास होतो. तो मठातही परतत नाही, घरीही नाही.

चित्रपटाची एक गोष्ट मात्र खरेदीदाराने मनावर घेऊ नये: शत्रूच्या त्या लवचीक काठ्या, ज्या भाल्यांना विळखा घालून अडकवतात. छान दिसतात, पण त्यांनी आणि आधुनिक स्पर्धांनी मिळून ‘जितकी लवचीक तितकी अस्सल’ असा समज रुजवला आहे. या समजाला सर्वांत खणखणीत उत्तर सतराव्या शतकातल्या एका समीक्षकाकडून मिळतं.

समीक्षक हा शब्द मी जपून वापरतो आहे. वू शू (१६११–१६९५) हा मिंग-छिंग संक्रमणातला विद्वान. कवितेवर त्याने शेकोटीभोवतीच्या गप्पांच्या धर्तीचा ग्रंथ लिहिला. आशय म्हणजे तांदूळ, गद्य म्हणजे त्याचा भात आणि काव्य म्हणजे त्याची दारू, ही त्यातली उपमा चिनी काव्यशास्त्रात प्रसिद्ध आहे. याच माणसाने ‘हातांची नोंदवही’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा भाल्यावरचा ग्रंथही लिहिला आणि त्यात भाल्याला सर्व हत्यारांचा राजा म्हटलं. दोन्ही ग्रंथांमागे डोळा एकच आहे. कवितेत तो विचारतो, तांदळाचं काय झालं? भाल्यात विचारतो, दांडा कसा आहे?

तो घराण्यांची तुलना करतो, आणि ही तुलना फाळांवरून होत नाही. शा घराण्याचा भाला म्हणजे अठरा ते चोवीस चिनी फुटांचा बांबू. इतक्या लांब, लवत्या दांड्यावर मनगटाचं काही चालत नाही, म्हणून त्यांचं सगळं कसब पायांत. त्याला स्वतःला प्रिय असलेला भाला ९.७ चिनी फुटांचा, म्हणजे तीन मीटरच्या थोडा वर. बुंधा मूठभर जाड, टोकाकडे अर्ध्या इंचाएवढा निमुळता, कंबर लोखंडासारखी ताठ, वजन किमान दहा जिन. त्याचं कसब मनगटांत. म्हणजे दांड्याची लांबी, जाडी आणि ताठपणा यांवरून लढण्याची पद्धत ठरते, आणि पद्धतीवरून घराणं. फाळ सगळीकडे जवळपास सारखंच.

वू शू पक्षपाती आहे. आपल्या गुरूंच्या परंपरेला झुकतं माप देतो, इतरांना फटकारतो. पण त्याचा निकष उघड आहे आणि तो कोणालाही हातात काठी घेऊन तपासता येतो. समीक्षेकडून यापेक्षा जास्त मागणं मला तरी अवघड वाटतं.

त्याच्या शंभरेक वर्षं आधी सेनापती यू दायो यानेही असंच म्हटलं होतं. काठी शिकणं म्हणजे कन्फ्यूशियन शिक्षणातले पायाचे चार ग्रंथ वाचणं. भाला, पातं, त्रिशूळ हे त्यापुढचे अभिजात ग्रंथ. पाया कळला तर पुढचं उलगडतं. हाच यू दायो १५६१ मध्ये शाओलिनला गेला, तिथली काठी पाहून खऱ्या विद्येचा धागा सुटल्याचं त्याने सांगितलं आणि दोन तरुण भिक्षूंना शिकवायला सोबत नेलं. त्याचा समकालीन छी चिग्वांग याने १५६० च्या आपल्या युद्धग्रंथात किनाऱ्यावरच्या चाच्यांविरुद्धची तुकडी आखली. तिच्यात ढालकऱ्यांसोबत ‘लांडगा-कुंचा’ नावाचं हत्यार आहे: फांद्या न तोडलेला लांब बांबू, टोकाला लोखंड. तिथे तर दांडाच शस्त्र आणि दांडाच आडोसा.

आता प्रत्यक्ष खरेदी. चिनी काठी आणि भाल्याच्या दांड्यासाठी आज सर्वाधिक वापरलं जाणारं लाकूड म्हणजे ‘बाइ ला’, शब्दशः पांढरं मेण. हे अ‍ॅश जातीचं चिनी झाड. मेण तयार करणारे कीटक त्याच्यावर पोसले जात, म्हणून हे नाव. पाहायचं ते असं.

दांडा अखंड रोपट्याचा हवा, फळीतून कापून गोल केलेला नको. अखंड रोपट्यात तंतू बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सलग जातात. फळीतून कापलेल्यात ते मध्येच तुटतात आणि काठी तिथेच मोडते. निमुळतेपणा झाडाचा स्वतःचा असावा. दोन्ही टोकांना सारखी जाडी दिसली तर समजावं, की यंत्राने सोलली आहे. बारीक गाठी चालतात, गाठीतून निघालेली भेग चालत नाही. थोडा बाक असला तर शेक देऊन सरळ होतो. बुंधा मुठीत धरून झटका द्यावा: टोक थरथरून लगेच शांत झालं पाहिजे. थरथर चालूच राहिली तर कंबर कमकुवत आहे. स्पर्धेच्या वुशूसाठी भाल्याची किमान लांबी म्हणजे उभं राहून हात वर केल्यावर मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची उंची; तिथे बारीक, सळसळता दांडा ठीक आहे. पण जोडीदारासोबत वार-बचाव शिकायचा असेल तर जाड बुंध्याचाच घ्यावा.

पात्यांच्या बाबतीत, क्रोमचा मुलामा दिलेला पातळ पत्रा हा स्पर्धेतल्या खणखणाटासाठी असतो. चांगलं पातं दांड्याजवळ जाड आणि टोकाकडे पातळ होत जातं. विक्रेत्याला एकूण वजन आणि तोल कुठे येतो ते विचारावं. फक्त पोलादाचा दर्जा सांगणारा विक्रेता आपल्याला पुन्हा कादंबरीच्या पहिल्या प्रकरणात नेत असतो. शिवाय भारतात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्र नियमांच्या कक्षेत येतात. आयातीचा विचार करण्याआधी ते नियम वाचावेत.

माझा सल्ला साधा आहे. पहिली खरेदी बिनफाळाच्या दांड्याची करावी, आणि ती आपल्या घरच्या छपराला नव्हे तर आपल्या मनगटाला विचारून करावी. वर्षभर तो वापरल्यावर फाळ हवं की नको, आणि हवं तर कोणतं, हे दुसऱ्या कोणाला विचारावं लागणार नाही. आणि ग्वान यूचं ते ८२ जिनांचं पातं हवंच असेल, तर ती कादंबरी विकत घ्यावी. ते तिथे अगदी योग्य वजनाचं आहे.