इंजिनातील दोषनिदानासाठी दाबसंवेदकाची निवड : प्रचलित पद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना :
वाहनाच्या इंजिनातील दोष शोधण्याचे काम आज मोठ्या प्रमाणावर संवेदकांवर सोपविण्यात आले आहे. इनटेक मॅनिफोल्ड, वंगणतेलाचा मार्ग, कॉमन रेल, धुराड्यातील काजळी अडविणारी गाळणी आणि प्रत्यक्ष सिलिंडर अशा निरनिराळ्या ठिकाणी दाब मोजला जातो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाल्यानंतर या मापनाचे महत्त्व अधिकच वाढले आहे. मात्र दाबसंवेदकाची निवड करताना माहितीपत्रकातील मापनकक्षा, अचूकतेची टक्केवारी आणि किंमत हे तीन रकाने पाहून निर्णय घेण्याची प्रथा रूढ झालेली दिसते. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या निकषांवर नसून त्यांच्या क्रमावर आहे. कोणता दोष ओळखावयाचा आहे, हा प्रश्न प्रथम विचारला नाही तर उत्तम संवेदकही चुकीचे निदान देतो. नंदुरबार जिल्ह्याच्या भूरचनेच्या आधारे हे स्पष्ट करता येईल.

संदर्भदाबाचा प्रश्न :
नंदुरबार शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २१० मीटर, तर सातपुड्यातील तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. प्रमाण वातावरणाच्या सूत्रानुसार या दोन ठिकाणी हवेचा दाब अनुक्रमे सुमारे ९९ व ८८ किलोपास्कल येतो. समजा, एका निर्दोष पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये निष्क्रिय गतीला, म्हणजे आयडलिंगला, निरपेक्ष दाब ३५ किलोपास्कल आहे आणि तो दोन्ही ठिकाणी जवळपास तितकाच राहतो. बाहेरील हवेशी तुलना करणारा गेज संवेदक शहरात ६४ किलोपास्कल निर्वात दाखवील, तर तोरणमाळला केवळ ५३. सपाटीवरील तक्ता हाती असलेला तंत्रज्ञ या घटीवरून हवेची गळती किंवा चुकलेले इग्निशन टायमिंग असे अनुमान काढण्याची शक्यता आहे. इंजिन ठीक असते. चुकलेला असतो तो संदर्भ. म्हणून येथे निर्वाताशी तुलना करणारा निरपेक्ष दाबाचा संवेदकच योग्य होय.

याउलट काजळीच्या गाळणीसाठी दोन बाजूंच्या दाबांतील फरकच अभिप्रेत असतो. २०० किलोपास्कल कक्षेचे व पूर्ण कक्षेच्या १ टक्का त्रुटीचे दोन स्वतंत्र संवेदक वापरून वजाबाकी केली, तर प्रत्येकाची २ किलोपास्कल त्रुटी प्रतिकूल स्थितीत एकत्र येऊन ४ किलोपास्कल होते. कमी धूरप्रवाहात मूळ फरकच त्याहून लहान असू शकतो. अशा ठिकाणी दाबांतर थेट मोजणाऱ्या संवेदकाला पर्याय नाही.

टक्केवारीचा आधार :
अचूकतेची टक्केवारी बहुधा पूर्ण कक्षेवर दिलेली असते, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. ० ते १० बार कक्षेच्या संवेदकाची १ टक्का त्रुटी म्हणजे १० किलोपास्कल. नंदुरबार आणि तोरणमाळ यांच्या हवेच्या दाबांतील फरकही जवळपास तेवढाच आहे! २००० बार कक्षेच्या कॉमन रेल संवेदकात हीच टक्केवारी २० बार होते. निष्क्रिय गतीला रेलमधील दाब २५० बार असेल, तर ती प्रत्यक्ष मापनाच्या ८ टक्के ठरते. संवेदक फुटू नये म्हणून मोठी कक्षा निवडणे समर्थनीय आहे. परंतु सुरक्षिततेसाठी सहनदाबाचा निकष स्वतंत्रपणे पाहावा, त्याकरिता मापनकक्षा अवास्तव वाढवू नये.

कालपरिमाण :
तेलाच्या दाबात होणारी घट काही सेकंदांत दिसली तरी चालते. सिलिंडरमधील ज्वलनाचे तसे नाही. ३००० फेरे प्रतिमिनिट या वेगाला क्रँकशाफ्ट एका सेकंदात १८,००० अंश फिरतो. प्रत्येक अंशाला एक नोंद हवी असल्यास सेकंदाला १८,००० नोंदी आवश्यक ठरतात. वाहनाच्या ओबीडी जोडणीवरील सामान्य स्कॅनर सेकंदाला फार तर काही दहा नोंदी देतो. त्यामुळे त्यावरील दाबाच्या आकड्यावरून ज्वलनाचे स्वरूप अभ्यासण्याचा प्रयत्न मुळातच सदोष आहे.

सिलिंडरसाठी वापरला जाणारा पिझोइलेक्ट्रिक संवेदक वेगवान खरा. पण त्यावरील विद्युतभार हळूहळू झिरपत असल्याने तो स्थिर दाबाचे निरपेक्ष मूल्य सांगू शकत नाही. त्याच्या आलेखाला आधाररेषा देण्यासाठी, पिस्टन तळबिंदूजवळ असताना मॅनिफोल्डचा निरपेक्ष दाब प्रमाण मानण्याची पद्धत प्रचलित आहे. म्हणजे सर्वांत महाग संवेदकाची विश्वासार्हता एका स्वस्त संवेदकाच्या अचूकतेवर अवलंबून राहते. केवळ किमतीवरून गुणवत्तेची श्रेणी लावणे किती अपुरे आहे, हे यावरून लक्षात यावे.

समारोप :
निवडीचा क्रम असा असावा : प्रथम दोष, नंतर संदर्भदाब, त्यानंतर दाबातील बदलाचा वेग आणि शेवटी कक्षा, अचूकता, तापमान व किंमत. हा क्रम उलटल्याचा भुर्दंड ग्राहकाला सोसावा लागतो. निर्दोष सुटे भाग बदलले जातात आणि मूळ दोष तसाच राहतो. दुर्गम भागात जेथे एका वाहनावर अनेकांचे दळणवळण अवलंबून असते, तेथे ही हानी केवळ पैशांची नसते.

अध्यापनाच्या दृष्टीने याची पडताळणी अवघड नाही. इंजिन बंद ठेवून केवळ इग्निशन सुरू केल्यास मॅनिफोल्डच्या निरपेक्ष दाबाचा संवेदक स्थानिक हवेचा दाब दाखवितो. ही एक नोंद नंदुरबारला आणि एक तोरणमाळला घेऊन विद्यार्थ्यांना सूत्राशी ताडून पाहता येईल. भौतिकशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स विभागांनी हा प्रयोग संयुक्तपणे हाती घेतल्यास माहितीपत्रक वाचण्यापूर्वी प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागेल, असे वाटते.