नऊ महिने, बारा दिवस आणि त्यानंतर

माझ्या मुलीला झोपवताना आजोबा फाशीची कविता म्हणतात.

यात विनोद नाही. त्यांना एकही अंगाई येत नाही, कारण त्यांच्या पिढीतल्या पुरुषांवर मूल झोपवायची वेळच आली नाही. आता वय झालंय, रात्री झोप लागत नाही, आणि पणती रात्री दोनला जागी असतेच. मग ते तिला खांद्यावर घेतात आणि पाठ असलेल्यातलं जे लयीत बसतं ते म्हणत अंगणात फेऱ्या मारतात. शाळेपासून पाठ आहे ती कवी कुंजविहारींची ‘भेटेन नऊ महिन्यांनी’. कुंजविहारी आमच्या सोलापूरचे, त्यामुळे इथल्या जुन्या माणसांना ती यावीच लागते. फासावर जाणारा मुलगा, रडणारी आई, आणि तो तिची समजूत घालतोय की रडू नकोस, मी पुन्हा तुझ्याच पोटी येतो, नऊ महिन्यांचाच तर प्रश्न आहे. दुसऱ्या-तिसऱ्या कडव्याला मुलगी झोपते. मी मात्र जागी राहते.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि बाळंतपणासाठी माहेरी आले आहे. नवरा शुक्रवारी रात्री ‘हुतात्मा’नं येतो आणि सोमवारी सकाळी ‘हुतात्मा’नंच परत जातो. या गाडीचं नाव उच्चारताना कोणाच्या मनात काही येत नाही, माझ्याही येत नव्हतं. पण रोज रात्री ही कविता कानावर पडायला लागल्यावर शब्द परत दिसायला लागले. मे १९३० मध्ये या गावात मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी झाली. असं काही पाहिलेल्या गावात ही कविता कशी ऐकली गेली असेल, याची कल्पना येते. चार घरांतल्या बायकांना सांगण्यासारखं दुसरं काय होतं कोणाकडे?

म्हणून ही कविता वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तिची ताकद तिच्या हिशेबात आहे. मृत्यू म्हणजे कायमचं जाणं हे ती मान्यच करत नाही. ती त्याला नऊ महिन्यांची गैरहजेरी करून टाकते. सरकारकडे दोर आहे, पण आईकडे गर्भ आहे, आणि गर्भाला वॉरंट लागत नाही. त्या काळात हे म्हणणं सोपं नव्हतं.

पण मी ती बाळंतपणात ऐकतेय. त्यामुळे मला ती जिथे थांबते तिथून पुढचं दिसतं. नऊ महिने कोणाच्या अंगावरून जाणार, हा एक प्रश्न झाला. त्याहून मोठा प्रश्न नऊ महिन्यांनंतरचा. मुलगा ‘भेटतो’ म्हणतो, पण जो भेटणार आहे तो तरणाताठा, बोलणारा, समजूत घालणारा नाही. तो दर दोन तासांनी रडणारा, मान न धरणारा, तिला ओळखतही नसलेला जीव आहे. फासावरून परत यायला त्याला नऊ महिने लागतील. फासाच्या वयाचं व्हायला पुन्हा वीस वर्षं, आणि ती वीस वर्षं तिची. कवितेला हे माहीत नाही असं नाही. ते गृहीत आहे, इतकंच.

खुदीराम बोस यांना ११ ऑगस्ट १९०८ ला फाशी झाली. त्यांच्यावरचं प्रसिद्ध बंगाली गाणं, ‘एकबार बिदाय दे मा’, याच कल्पनेवर उभं आहे. तिथे मुदत दहा महिने दहा दिवसांची आहे आणि जन्म मावशीच्या घरी. ओळख पटली नाही तर आईनं बाळाचा गळा बघायचा आहे, तिथे फासाची खूण असेल. मला हे गाणं एका बाबतीत जास्त खरं वाटतं. त्यात कोणीतरी नवजात बाळाचा गळा वाकून बघतंय. तान्ह्या बाळाला गळा नसतोच, नुसत्या वळ्या असतात. त्यात दूध साचतं, लाल चट्टा उठतो, आणि दिवसातून चार वेळा त्या वळ्या बोटानं उघडून मऊ फडक्यानं पुसाव्या लागतात. ज्यानं ती ओळ रचली त्याला हे माहीत होतं की नाही कोण जाणे, पण ओळ बाईला बाळाजवळ नेऊन उभी करते. आमची कविता तेवढं जवळ जात नाही.

मराठीत आईवरच्या कविता कमी नाहीत. माधव ज्यूलियनांची, यशवंतांची, फ. मुं. शिंद्यांची, आपण सगळ्या शाळेत शिकलो. ‘श्यामची आई’ तर घराघरात आहे. या सगळ्या मुलांनी लिहिल्या आहेत, मोठं झाल्यावर, बहुतेकदा आई नसताना किंवा लांब असताना. त्यात आई नेहमीच आई असते. ती आई होत असताना कोणी पाहिलेलं नाही, कारण पाहणारा तेव्हा पाळण्यात होता. ही तक्रार कवींविरुद्ध नाही. कॅमेरा जिथे ठेवलाय तिथून तेवढंच दिसणार.

मग बायकांनी लिहिलं त्यात काय सापडतं? आनंदीबाई जोशींचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. चौदाव्या वर्षाच्या आसपास मूल झालं, दहा दिवसांत गेलं, त्यातून डॉक्टर व्हायची जिद्द आली. श्री. ज. जोशींच्या १९६८ च्या ‘आनंदी गोपाळ’मध्ये ते आहे, २०१९ च्या सिनेमातही आहे. पण आनंदीबाईंच्या बाबतीत ते दहा दिवस कायम ‘प्रेरणा’ म्हणूनच येतात. त्यांच्यानंतर काय घडलं यासाठी त्यांना किंमत. अकराव्या दिवशी दूध आलेलं असतं आणि घेणारं कोणी नसतं, हे कोण सांगणार? मी स्वतः हे चार महिन्यांपूर्वी वाचलं असतं तर मलाही सुचलं नसतं.

बारशाचा पाळणा घ्या. पारंपरिक पाळण्याची रचना मला इंजिनिअर म्हणून फार आवडते: पहिल्या दिवशी हे, दुसऱ्या दिवशी ते, असं एकेका दिवसाचं कडवं. चक्क लॉग आहे तो. आमच्या बारशात शेजारच्या सगळ्या काकूंनी मिळून म्हटला तेव्हा मी पलंगावर बसून मनात माझा लॉग लावून बघत होते. तिसऱ्या दिवशी टाके दुखत होते. चौथ्या दिवशी दूध भरून ताप आला. पाळण्यात त्या दिवशी नगरात आनंद होता. आणि बाराव्याला नाव ठेवलं की लॉग बंद. तेराव्या दिवसाचं कडवं मी तरी ऐकलेलं नाही. पाहुणे गेले, ताटं घासून झाली, आणि खरं काम त्या रात्री सुरू झालं.

पाचवीच्या रात्री आजीनं सटवाईची पूजा मांडली होती. पाटावर कोरा कागद आणि पेन. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी काय लिहायचं ते लिहून जाते. माझा यावर विश्वास नाही, पण त्या खोलीत पेन आलं ते तेवढ्याच एका रात्री. कारण दुसरा नियम असा, की बाळंतिणीनं वाचायचं नाही. डोळे जातात. कानात कापूस, डोक्याला रुमाल, शेक, धुरी, अळिवाची खीर, हे मी सगळं आनंदानं केलं; आजीच्या हातच्या तेलाच्या मालिशीबद्दल तर मी कुठल्याही आधुनिक बाईशी भांडायला तयार आहे. वाचनबंदी मात्र जमली नाही. रात्री अंगावर पाजताना एका हातात फोन, ब्राइटनेस शून्य. आजी अंधारातून विचारायची, “काय बघायलीस गं मोबाईलात? डोळे जातील की.” मी म्हणायचे, टाइम बघतेय.

शार्लट पर्किन्स गिलमन या अमेरिकन लेखिकेची ‘द यलो वॉलपेपर’ ही १८९२ ची कथा मी अशीच वाचली. नुकतंच मूल झालेली बाई, डॉक्टर नवरा, सक्तीची विश्रांती आणि लिहायला बंदी. ती भिंतीवरच्या कागदाची नक्षी बघत राहते आणि त्या नक्षीत तिला कोंडलेली बाई दिसायला लागते. कथेचं कौतुक पुष्कळ झालंय. मला खटकलं ते हे, की बाळ कथेत जवळजवळ नाहीच. त्याला दुसरी बाई सांभाळते. गिलमनची नायिका एकटी पडून वेडी होते. मी वेडी झाले असते तर क्षणभरही एकटं न पडल्यामुळे. आमच्या घरात बाळंतिणीच्या खोलीला कडी लावत नाहीत.

सहाव्या आठवड्यात मला एकदा वाटलं, हिला इथे पाटावर ठेवावं आणि स्टेशनवर जाऊन बसावं. कुठली गाडी तेही ठरलं नव्हतं. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. आईला सांगितली असती तर दृष्ट काढली असती. नवऱ्याला सांगितली असती तर तो रजा टाकून आला असता आणि मग आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो असतो.

त्याच आठवड्यात मी ओव्या वाचायला लागले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यातल्या खूपशा ‘पारी’च्या साइटवर गाणारीच्या नावागावासकट ऐकायला मिळतात. साने गुरुजींचा ‘स्त्रीजीवन’ हा संग्रहही आहे. हेडफोनचं एक बोंडूक कानात घालून ऐकायचं. एरवीही कानात कापूस होताच.

सुरुवातीला निराशा झाली. तान्ह्या बाळाच्या ओव्या म्हणजे कौतुकच कौतुक, आणि बहुतेक मुलाचं. मुलगी झाल्याची ओवी आली की आवाज लगेच सासरच्या वाटेला लागतो. दमल्याचं, कंटाळल्याचं नाव नाही. पण सीतेच्या ओव्यांपाशी आले आणि सगळं उलटलं. सीता गरोदरपणी रानात सोडलेली. रानात कोणी नाही, सुईण नाही, पाळण्याची सोय नाही, ती रडतेय आणि तिला समजवायला बोरी आणि बाभळी बायका होऊन येतात. हे मी पहाटे चारला ऐकलं आणि उठून बसले. आमच्याकडे बोर आणि बाभूळ सोडून दुसरं उगवतं काय? काट्याची झाडं. सावली धड नाही. ओवी रचणारीनं सीतेला आंब्याखाली बसवलं नाही. तिच्या बांधावर जे होतं तेच तिनं बाळंतिणीच्या उशाला आणलं.

माझं वाचन असं आहे: स्वतःच्या बाळाच्या ओवीत जे म्हणता येत नाही ते बाई सीतेच्या तोंडी घालते. सासू पलीकडच्या खोलीत जागी असते. ‘मला एकटं वाटतंय’ म्हटलं तर उद्या त्यावर चर्चा. ‘सीतेला एकटं वाटलं’ म्हटलं तर तो धर्म. वर जात्याची घरघर आहेच. इतकं साधं आणि इतकं हुशार एन्क्रिप्शन मी नोकरीतही पाहिलेलं नाही. समीक्षेत ओव्यांच्या भोळेपणाचं कौतुक होतं तेव्हा मला म्हणूनच राग येतो. भोळं काय आहे त्यात?

आता जातं नाही. मिक्सरवर ओवी बसत नाही. आमच्या गल्लीत कामाला लय असलीच तर विड्यांची. शेजारच्या अक्का तेलुगू बोलणाऱ्या, तीस वर्षं विड्या वळतायत. मांडीवर सूप, सुपात पान आणि तंबाखू, हजार विड्यांवर मजुरी. मी एकदा दुपारी मुलीला घेऊन त्यांच्या ओट्यावर बसले, आणि का कोण जाणे, स्टेशनची गोष्ट त्यांना सांगितली. त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाल्या, “दुसऱ्याच्या वेळेला मी महिनाभर त्याचं तोंड बघितलं नाही. मांडीवर सूप होतं ना. दोन्ही कसं मावणार?” मग माझ्या मुलीकडे बघून म्हणाल्या, जरा लांब धर, तंबाखू उडतो.

मला कायद्यानं सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे. हे वाक्य मी त्यांच्यासमोर म्हणू शकले नाही.

बोलणं बदलावं म्हणून मी त्यांना विचारलं, तेलुगूत बाळंतपणाची गाणी आहेत का. मी वाचलं होतं की वेल्चेरू नारायण राव यांनी तिकडच्या बायकांच्या रामायणाच्या गाण्यांवर लिहिलंय. त्यात कौसल्येचे डोहाळे आणि वेणा तपशिलात येतात, आणि राम वनात गेल्यावर लक्ष्मणाची बायको ऊर्मिला चौदा वर्षं झोपून राहते, त्यावर एक अख्खं गाणं आहे. अक्कांना ते माहीत नव्हतं. मी गोष्ट सांगितली. मुलगी तोवर मांडीवर झोपली होती आणि मला तिला हलवायचं नव्हतं, म्हणून जरा लांबवूनच सांगितली.

अक्कांनी विडीचं टोक नखानं मुडपलं.

“चौदा वर्षं? मग तिचं मूल कोण बघत होतं?”

“तिला मूल नव्हतं तेव्हा.”

“हां,” म्हणाल्या, “मग झोपू दे.”