ब्लॉकचा रिकामा रकाना

आता विल्ट चेंबरलेनकडे येऊ. 1961-62च्या हंगामात त्यानं सामन्यामागे सरासरी 50.4 गुण केले. सामना 48 मिनिटांचा, आणि हा गडी सरासरी 48.5 मिनिटं कोर्टवर! जादा वेळ धरून, बरं का. तरीही त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला बिल रसेलला. तेव्हा या मानासाठी मतं खेळाडूच देत. म्हणजे दोघांशी भिडणाऱ्यांना असं काहीतरी दिसत होतं, जे आपल्याला तक्त्यात सापडत नाही.

रसेल शॉट अडवायचा तो चेंडू प्रेक्षकांत भिरकावण्यासाठी नव्हे. चेंडू आत ठेवायचा, सहकाऱ्याकडे वळवायचा, की लगेच उलटी चढाई. पण एनबीएनं ब्लॉक मोजायला घेतले 1973-74पासून, आणि रसेल 1969मध्येच निवृत्त झालेला. त्याच्या सगळ्यात मोठ्या कामाचा रकानाच कोरा. 13 हंगामांतली 11 विजेतेपदं आपण ‘संघाची’ म्हणून बाजूला ठेवतो आणि 15.1 गुणांची सरासरी तेवढी त्याच्या नावावर मांडतो. हा हिशेब आम्हाला पटत नाही. कोरा रकाना आपण शून्य धरतो, तिथंच घोळ होतो. तेव्हा कुणी रसेलला यादीत खाली ढकललं, तर आधी विचारू: ब्लॉकच्या रकान्यात काय भरलंत?