मोखाड्याचा बोहाडा आणि क्षेत्रविचार

विदुषी अ‍ॅन फेल्डहाउस यांचा महाराष्ट्रांतील तीर्थयात्रांवरील ‘कनेक्टेड प्लेसेस’ हा इंग्रजी ग्रंथ 2003 सालीं प्रसिद्ध झाला. माहात्म्यें व स्थानपोथ्या जमविणाऱ्या वाचकांस तो परिचित असेलच. तथापि मोखाड्यासारख्या डोंगरी मुलखांतून पाहतां त्यांतील सिद्धांत कोठें अपुरा पडतो, तें दाखविणें अगत्याचें वाटतें.

प्रदेश हा चालणाऱ्यांच्या पायांनीं व स्मरणानें जोडला जातो, हा ग्रंथाचा मुख्य सिद्धांत. शिंगणापुरास मुंगी घाटानें चढणाऱ्या कावडी, प्रवासास निघणाऱ्या देवी, गोदावरीची प्रदक्षिणा, चक्रधरांचीं वास्तव्यस्थानें नोंदविणारी महानुभावांची स्थानपोथी, इतक्या भिन्न गोष्टी बाईंनीं एका सूत्रांत ओंविल्या आहेत. पोथी व प्रत्यक्ष वाट एकमेकींशीं ताडून पाहण्याची ही पद्धति अनुकरणीय आहे. केवळ माहात्म्य वाचून क्षेत्रवर्णन करणाऱ्या आमच्यासारख्यांनीं तिचा धडा घ्यावा.

उत्तरेकडील तीर्थनामांची दक्षिणेंत पुनरावृत्ति कशी होते, याचें विवेचन विशेष मार्मिक आहे. पैठण ही दक्षिणकाशी, गोदावरी ही गंगा. या मालिकेंत आम्ही एक भर सुचवितों. वनपर्वांतील वैतरणी कलिंगदेशीं आहे. परंतु त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावून मोखाड्याच्या मुलखांतून पश्चिमसमुद्रास मिळणारी नदीही वैतरणाच. एकाच डोंगराच्या पूर्व अंगास गंगा आणि पश्चिम अंगास यमलोकींच्या वाटेवरील नदी, ही जोडी केवळ नामसाम्य म्हणून सोडून देण्याजोगी नाहीं. ब्रह्मपुराणांतील गौतमीमाहात्म्य पूर्वेच्या प्रवाहाबरोबर गेलें. आमच्या अभ्यासकांची दृष्टिही त्याच पाण्याबरोबर वाहिली, आणि पश्चिमेचा मुलूख पोथी नाहीं म्हणून क्षेत्रही नाहीं असें धरलें गेलें.

आमचा मतभेद येथेंच आहे. बाईंच्या मतें देवता अथवा यात्रेकरू एका स्थळाहून दुसऱ्यास जातात, म्हणून स्थळें जोडलीं जातात. मोखाड्यास होळीनंतर होणाऱ्या जगदंबेच्या बोहाड्यांत घडतें तें निराळें. मशालींच्या उजेडांत, संबळाच्या तालावर, मुखवटे धारण केलेलीं सोंगें गांवच्या रस्त्यावरून एकामागून एक येतात. आरंभीं गणपति व शारदा, पुढें पुराणांतील देव-दैत्य, वेताळ, अखेरीस देवी व महिषासुर. पाड्यापाड्यांवरचे लोक दुतर्फा उभे असतात, आणि दैवतें त्यांच्यापुढें चालत येतात. प्रदेश येथें एका रस्त्यावर गोळा होतो, व त्याला बांधणारी गोष्ट म्हणजे सोंगांचा क्रम. बाईंच्या सिद्धांतांत या क्रमास जागा करून द्यावी लागेल.

हा क्रम आणि कोणत्या सोंगाचा मान कोणत्या घराण्याकडे, ही माहिती मुख्यत्वें स्मरणांत राहते. दिवाळीनंतर घरेंच्या घरें मजुरीसाठीं मुलूख सोडून जातात. एखादें घराणें परतलें नाहीं तर त्याबरोबर एक पानही गळालें असें समजावें. तिबेटांतील त्सारी पर्वताची बारा वर्षांनीं होणारी महापरिक्रमा 1956 नंतर बंद पडली. टोनी ह्यूबर यांनीं निर्वासित वृद्धांच्या आठवणी विचारून तिचा वृत्तांत 1999 सालच्या ग्रंथांत पुन्हा उभा केला. बोहाडा अद्याप चालू आहे. तो पाहून लिहिणें त्याहून सोपें आहे. जीर्ण पोथीच्या एका पानासाठीं कोसच्या कोस हिंडणाऱ्या संग्राहकांनीं मोखाड्याची एक रात्र वही घेऊन बसावें, अशी आमची विनंती आहे.